क्रमांक दोनशे चौदा

पुणे, १२ जानेवारी २००६

भिया देविदास,

काल तू नऊ वेळा मेलास. परवा सहा वेळा. आणि मरायच्या आधी दर वेळी उत्तमरावाचं डोकं फोडून त्याला मारलंस. हे मी सपनात पाहिलं न्हाई. दिवसाढवळ्या ऑफिसात, समोर डबा उघडा ठेवून पाहिलं.

पत्र चुलीत घालायचं असलं तर घाल, पण आधी वाच. तीन वर्षं तू सख्ख्या बहिणीशी बोलला न्हाईस, मी पण तुझ्या पाया पडायला आले न्हाई. त्यात काही बदल झाला असं समजू नको. जिवाची गोष्ट हाय म्हणून लिहून राहिले. आपल्या बोलीत लिहिलं असतं, पण आपल्याला लिहायला मराठीच शिकवली.

मागच्या साली होळी झाल्याबराबर मी फॉर्म घेऊन आले होते, ध्यानात असल. गावातली चारशे माणसं आणि आपल्या तांड्यातली दोनशे. नाव, वय, जमीन, कोणाशी बोलणं, कोणाशी अबोला, कोणावर राग. गेल्या तीन वर्षांत काठीच्या मारामारीत किती वेळा सापडलात, कोणत्या महिन्यात. मला दारात बघून तू चप्पल घालून निघून गेलास, तुझा फॉर्म याडीनं भरून दिला, नात्याच्या रकान्यात 'आई' लिहून. लोकांना वाटलं घरकुलाची यादी होऊन राहिली. याडीलाही तेच वाटलं, मी पण सांगत बसले न्हाई.

त्या फॉर्मांवरून आमच्या संस्थेनं एकेका माणसाची नक्कल कॉम्प्युटरात बनवली. साहेब म्हणतात, समाज कुठं बिघडतो ते खऱ्या माणसाला हात न लावता बघता आलं पाहिजे. ते त्याला डिजिटल प्रतिकृती म्हणतात, आमी ऑपरेटर पोरी बाहुल्या म्हणतो. बाहुलीला नाव न्हाई, नंबर हाय. तू दोनशे चौदा, याडी दोनशे बारा, उत्तमराव नऊ.

पडद्यावर सगळं हाय. मारुतीचं देऊळ, ओढा, ओढ्यापल्याड तांडा, मधलं गायरान आणि त्याला उत्तमरावानं घातलेली काट्याची तार. बाहुल्या सकाळी शेतात जातात, गोरेगावच्या बाजाराला जातात, परत येतात. वर्ष पंधरा मिनिटांत सरतं. फाल्गुन लागला की तांड्यातल्या बाहुल्या काठ्या घेऊन ओढा उतरतात आणि बाजूला ओळी पडत जातात. दोनशे चौदाने नऊला मारले, काठी, डोके. नऊ मृत. नऊच्या भावाने दोनशे चौदाला मारले, कुऱ्हाड, मान. दोनशे चौदा मृत. मग घरं पेटतात. शंभर वेळा चालवलं, त्र्याऐंशी वेळा हेच.

यंदा होळीला गावात जाऊ नको. तांड्यातलं कोणीच जाऊ नका. गायरानाच्या तारेपाशी फिरकू नको. नेमसिंग नायकाला सांग, तो शहाणा हाय, ऐकल.

शिला

---

पुणे, ९ फेब्रुवारी २००६

भिया,

उत्तर न्हाई. बरं. तुझ्याकडून उत्तराची वाट बघणारी मीच येडी.

परवा याडीनं गोरेगावच्या बूथवरून फोन केला. मी उजव्या कानाला फोन लावून सगळं सांगितलं, की मशीन असं दाखवतंय, होळी आटोपती घ्या. ती पोट धरून हसली. म्हणे, "तुझ्या मशीनला म्हणावं, इकडं ये, माझ्या काठीची चव बघ." मग मागच्या होळीला बाबूसिंगच्या जन्माच्या आनंदाची धुंड झाली, त्याचं काढून बसली. लेकाच्या धुंडीला तू लापशीचं पातेलं पळवायला आलास, बायकांनी पातेलं बांधलेल्या दोन्ही खुंटांभोवती काठ्या घेऊन तुला घेरलं, आणि सगळ्यात जास्त तुझ्या पाठीवर हिनंच हाणल्या. "चाळीस मोजल्या मी," म्हणाली. "तरी बाप्यानं पातेलं सोडलं न्हाई." मला हसू आलं न्हाई. मला आजकाल काठी म्हटलं की ते पडद्यावरचं डोकंच दिसतं.

साहेब लई खूश हायत. दिल्लीहून पाहुणे आले होते, त्यांना आपला तांडा दाखवला. "शिला, तुमचा तांडा म्हणजे आमच्यासाठी सोनं आहे," म्हणाले. "एवढी हिंसा आणि तीही एकाच महिन्यात, असा डेटा कुठं मिळत नाही." पाहुण्यांनी विचारलं, ही माणसं अशी का? साहेब म्हणाले, परंपरा असावी. मी चहाचे कप उचलत होते. एक कप मुद्दाम टेबलावर आपटला, तरी कोणी मान वर केली न्हाई.

काल मी ते हळू चालवून बघितलं. सगळे घरी गेल्यावर तू कसा मरतोस ते बघत बसले. दोनशे चौदा ओढा उतरतो. नऊ नंबर ओट्यावर उभा असतो. दोनशे चौदा एकदा मारतो, नऊ खाली पडतो, तरी मारत राहतो. सात, आठ, नऊ. बाहुलीला चेहरा न्हाई, पण मला तुझा चेहरा दिसत होता. तुझा हात एकदा उठला की कसा उठतो ते मला कोणी सांगायला नको.

म्हणून परत सांगते. मी हे फक्त तुला आणि याडीला कळवलं. गावात कोणाला एक अक्षर बोलले न्हाई, आपली अब्रू मी वेशीवर टांगणार न्हाई. तेवढ्याचा तरी मान ठेव आणि होळीला पोराला घेऊन नरसीला जा. नामदेवाच्या देवळात बस दिवसभर.

शिला

---

तांडा, २३ मार्च २००६

देविदास,

मातीला मी पोचले न्हाई. सेनगावहून जीप मिळाली न्हाई, मिळाली तेव्हा ड्रायव्हर तांड्यात यायला तयार न्हाई. मी आले तेव्हा याडीची राख गार झाली होती आणि तुला पोलिसांनी नेलं होतं. मिना वहिनी बाबूसिंगला मांडीवर घेऊन बसली होती, दूध पाजत न्हवती, रडत न्हवती. तिनं जे सांगितलं ते मी लिहून राहिले. बराबर हाय का न्हाई ते तू सांग, कारण मला आता कोणत्याच कागदावर भरवसा न्हाई.

धुळवडीला बायका दरवर्षीसारख्या फगवा, होळीचं दान, मागायला गावात गेल्या. पुढं याडी, हातात तीच धुंडीची काठी, ठेका धरायला. मागं डफ घेऊन तुम्ही आठ-दहा गडी. उत्तमरावाच्या अंगणात गेल्या, गाणं सुरू केलं. त्याची पार्वतीबाई दरवर्षीसारखी सुपात जवारी घेऊन बाहेर आली. तेवढ्यात कडब्याच्या गंजीमागून माणसं निघाली. पंचवीस-तीस. कुदळीचे दांडे, कुऱ्हाडी, माडीवरून दगड. ते सकाळपासून दबा धरून बसले होते. पार्वतीबाई ओरडली, "अवं, बाया हायत, बाया हायत," पण तिला कोणी ऐकलं न्हाई. तिच्या हातचं सूप उडालं.

पहिला दांडा याडीला बसला. कानशिलावर. वहिनी म्हणते, ती पडली तरी काठी सोडली न्हाई, म्हणून त्यांना वाटलं अजून लढून राहिली, आणि तिघांनी मिळून हाणलं. हरीचंदच्या कमलबाईचा हात कोपरातून मोडला, हाड बाहेर आलं. दोन गड्यांची डोकी फुटली. उत्तमराव कुऱ्हाड घेऊन ओट्यावर उभा होता. वहिनी म्हणते त्यानं उगारली न्हवती, नुसती धरली होती. तू ओट्यावर चढलास, त्याच्या हातातली कुऱ्हाड हिसकली आणि मानेवर दोन घाव घातलेस. दुसरा घालायच्या आधी तो "देविदास, अरे" एवढं म्हणाला.

अंगणात जवारी अजून तशीच हाय. तांबडी होऊन वाळली. मी वेशीवरून बघितली, आत जायची हिंमत झाली न्हाई.

गावकरी म्हणतात, आमाला आधीच खबर होती तांडा काठ्या घेऊन येणार म्हणून. उत्तमराव परगावी जाणार होता, पण भावकी म्हणाली, आपून काय बांगड्या भरल्या का. खबर कोणी दिली देव जाणे. कोणीतरी चुगली केली असल.

आणखी एक. वहिनीनं तुझी पेटी उघडली. माझी दोन्ही पत्रं त्यात हायत, जशीच्या तशी चिकटवलेली. तू फोडलीच न्हाईस. तीन वर्षं राग धरावा, पण याडीच्या जिवापेक्षा मोठा धरावा का?

शिला

---

पुणे, ६ जुलै २००६

देविदास,

तुरुंगात पत्र आधी तिथले साहेब फोडतात म्हणे. म्हणजे हे तरी फोडलं जाईल.

मी खोटं लिहिलं. चुगली कोणी केली ते मला पहिल्यापासून माहीत होतं. १२ जानेवारीला तुला पत्र लिहिलं, त्याच दिवशी दुसरं उत्तमरावाला लिहिलं. एकाच टपालपेटीत टाकलं. "होळीला तांडा काठ्या घेऊन गावात उतरेल. तुमच्या जिवाला धोका हाय. त्या दिवशी परगावी जावा, कोणाला सांगू नका." खाली सही. माझ्या मनात एवढंच होतं की तो घरी नसला तर तू खुनी होणार न्हाईस. त्यानं ते पारावर वाचून दाखवलं. तुझं पत्र तुझ्या पेटीत राहिलं आणि त्याचं वाचलं गेलं.

आता ते पत्र सरकारी वकिलाकडं हाय. आपल्या वकिलानं मला दाखवलं, माझंच अक्षर. ते म्हणणार हायत, तांड्याची स्वतःची पोरगी दोन महिने आधी लिहून कळवते, म्हणजे हा कट होता. आईवर दांडा पडलेला बघून डोकं फिरलं आणि घाव घातला, असं कोणी मानणार न्हाई. वकील म्हणाला, कट ठरला तर फासावर सुद्धा जाऊ शकतो.

इकडं ऑफिसात पेढे वाटले. खरंच वाटले. वर्तमानपत्राचं कात्रण भिंतीवर लावलं, शेजारी आमच्या मशीनचा नकाशा. साहेब मला म्हणाले, "शिला, तुमचं दुःख समजतो, पण शास्त्र म्हणून बघा, आपण दोन महिने आधी सांगितलं होतं." मी म्हणाले, माझी याडी तुमच्या शंभरात किती वेळा मेली? त्यांनी बघितलं. एकदाही न्हाई. दोनशे बारा शंभराच्या शंभर वेळा जिवंत. म्हणाले, "थोडाफार फरक राहतोच." मी भिंतीवरचं कात्रण ओढून काढलं, नकाशा फाडला, पेढ्याचा बॉक्स खाली भिरकावला. शिपायानं मला धरून बाहेर नेलं. तरी कामावरून काढलं न्हाई, तांड्याचे फॉर्म दुसऱ्या कोणाला वाचता येत न्हाईत म्हणून.

मग मी ते फॉर्म काढून बसले. आधीच बसायला पाहिजे होतं.

याडीचा फॉर्म. काठीच्या मारामारीत किती वेळा: चाळीस. महिना: फाल्गुन. तुझा: चाळीस, फाल्गुन. कमलबाई: पंचवीस, फाल्गुन. नेमसिंग नायक, सत्तर वर्षांचा म्हातारा: बारा, फाल्गुन. देविदास, ही सगळी धुंडीची काठी हाय. बाबूसिंगच्या धुंडीची. होळी होऊन चारच दिवस झाले होते, पाठी अजून दुखत होत्या, लोक हसत हसत आकडे सांगत होते, एकमेकांपेक्षा चढवून सांगत होते, आणि मी पण हसत लिहीत होते. खेळाचा रकाना फॉर्मात न्हवता. साहेबांनी शिकवलं होतं, सांगतील ते लिहायचं, आपलं डोकं चालवायचं न्हाई. रागाच्या रकान्यात गायरानावरून उत्तमरावाचं नाव होतं. मशीननं एका रकान्यातल्या काठ्या उचलल्या आणि दुसऱ्या रकान्यातल्या माणसाच्या डोक्यात घातल्या.

याडीनं फोनवर मला चाळीस हा आकडा स्वतः सांगितला होता. मी तेव्हाही ऐकलं न्हाई. तांड्यात जन्मलेल्या पोरीला कळायला पाहिजे होतं. मला कळलं न्हाई, कारण मला ते खरं वाटत होतं. तू मारशील हे मला मशीनच्या आधीपासून खरं वाटत होतं. काहून, ते तुला माहीत हाय.

शिला

---

हिंगोली, ४ फेब्रुवारी २००७

भिया,

उद्या कोर्टात माझी साक्ष हाय. हे पत्र वकील तुला सकाळी देईल. उभं राहायच्या आधी वाच.

मी नोकरी सोडली. सोडायच्या आधी एक काम केलं. सगळ्या तांड्याच्या फॉर्मातले फाल्गुनातले आकडे काढून टाकले, चाळीस, पंचवीस, बारा, सगळे. राग राहू दिला, तार राहू दिली. आणि तुझ्या फॉर्मात एक नवीन नोंद घातली, जी मी तेव्हा घातली न्हवती.

तुला कळलं असल कोणती. सन २००२ ची दिवाळी. गुलाबचंदच्या पोराशी लग्नाला मी न्हाई म्हणाले, पंचांपुढं तुझी मान खाली गेली, आणि घरी येऊन तू मला गोठ्यात घेतलंस. आसुडाचा दांडा. किती वेळा ते मी मोजलं न्हाई, पण शेवटचा डाव्या कानावर बसला. त्या कानानं मला आजही काही ऐकू येत न्हाई. पुण्याच्या डॉक्टरला मी सांगितलं मोटारीवरून पडले. फॉर्म भरताना याडी माझ्याकडं बघत राहिली. "ते लिहू नको गं," म्हणाली, "भाऊ हाय." मी पण लिहिलं न्हाई. खेळातल्या दोनशे काठ्या लिहिल्या आणि खरी एक सोडून दिली.

ती एक घातली आणि शंभर वेळा चालवलं. तार तुटते. शिव्या होतात. दोन-चार वेळा तहसीलला अर्ज जातो. फाल्गुन येतो, जातो. नऊ नंबर ओट्यावर बसतो, दोनशे चौदा शेतातून येतो. शंभरही वेळा कोणी मेलं न्हाई. दोनशे बारा चैत्रात घरी हाय, वैशाखात घरी हाय. मी एकेक वर्ष बघत बसले. खिडकीत उजाडलं तेव्हा उठले.

वकील म्हणतो, मशीनचा कागद कोर्ट मानणार न्हाई. न मानू दे. मी तोंडानं सांगीन. पत्र माझं, चूक माझी, तांड्यानं कट केला न्हाई. काठी कशाची होती, धुंड काय असते, फगवा काय असतो, सगळं सांगीन. कमलबाई मोडका हात घेऊन येणार हाय. पार्वतीबाईला पण बोलावलंय. वहिनी तिच्या घरी गेली होती. पार्वतीबाई पाणी घे असं सुद्धा म्हणाली न्हाई, पण एवढं म्हणाली की दांडा पहिला आमच्या माणसांचा होता, ते मी सांगीन. तिचा धनी तू मारलास, तरी ती हे सांगणार हाय.

आणि सरकारी वकिलानं मला विचारलं, या माणसानं याआधी कधी कोणाला मारलं का, तर मी व्हय म्हणणार. कान दाखवणार. मला ठाऊक हाय तुझं डोकं फिरल. पण अख्ख्या तांड्याला ते माहीत हाय. मी ते लपवलं तर कोणीतरी उकरून काढल, आणि मग त्या चाळिसांचं माझं कोण खरं मानल? एकदा मी तुझ्यासाठी फॉर्म खोटा भरला. त्यात याडी गेली, उत्तमराव गेला. परत न्हाई.

उत्तमरावाला तू मारलंस, त्याची सजा तुला होईल. ती व्हायलाच पाहिजे, तो हात उगारून न्हवता. पण जे केलं न्हाईस त्याची होऊ देणार न्हाई.

मी तुला माफ केलं का, ते मला माहीत न्हाई. वहिनीनं विचारलं तेव्हा मी विषय बदलला. बाबूसिंगचं सांगते, तो आता घरभर पळतो, घरातली दिसल ती काठी उचलतो, आणि कोणी त्याच्या हातातून काढून घेत न्हाई.

उद्या मी पिंजऱ्यापाशी उभी राहीन. वर्षभर तारखांना येते, तू एकदाही माझ्याकडं बघितलं न्हाईस. उद्या बघ. काही बोलायचं असलं तर उजव्या बाजूनं बोल, डावीकडून मला ऐकू येत न्हाई.

तुझी बहीण
शिला